विसरवाडीपर्यंतचं तेल

मोटारीत कोणतं तेल घालावं, हे मला आता कोणीही विचारू नये. मला ते माहीत नाही म्हणून नव्हे. चांगलं माहीत आहे. नंदुरबार जिल्ह्यात, आणि हवं तर धुळे-जळगावही त्यात धरा, या एका विशिष्ट मोटारीच्या तेलाबद्दल माझ्याइतकं ज्ञान दुसऱ्या कोणापाशी नसेल. या ज्ञानाने माझं काय भलं झालं, तेवढं सांगायला मी बसलो आहे.

गाडी माझी नाही. ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस असली गाडी घेत नाही, त्याच्या बायकोने घेऊ दिली तरी घेत नाही. गाडी माझ्या मेहुण्याची, धर्मेंद्रची. धर्मेंद्र मोंबासाहून कायमचा परत आला तेव्हा ही जपानी गाडी बोटीतून सोबत घेऊन आला, आणि थोड्याच दिवसांत कायमचा कॅनडाला गेला तेव्हा ती आमच्या पोर्चमध्ये ठेवून गेला. हळदीच्या रंगाची, दोन दारांची, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे न्हाणीतल्या पाटावर बसल्यासारखं वाटतं. अधूनमधून धर्मेंद्र सुट्टीवर आला की ती गावभर फिरायची. एरवी ती ताडपत्रीखाली असायची आणि तिच्याखाली मांजर व्यायची.

माझी मुलगी कामिनी लहान असताना ताडपत्रीत शिरून त्या गाडीत बसायची आणि मला बोलवायची. "पप्पा, चला ना सुरतला!" मी पेपर तपासत असायचो. मी म्हणायचो, "हो, हो, पुढे हो, मी आलोच."

आता ती खरोखरच सुरतला निघाली होती. भरत नावाचा मुलगा, सुरतला नोकरीला, माणसं आपल्यातलीच, तापीकाठची. साखरपुडा झाला, आणि त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं की कामिनीला पाठवणीच्या वेळी मी स्वतः या गाडीतून विसरवाडीच्या फाट्यापर्यंत नेईन. फाट्यावर ती उतरेल, भरतच्या गाडीत बसेल आणि हायवेने सुरतकडे जाईल.

लोकांना मी कारण सांगितलं की मुलीची लहानपणची हौस आहे. खरं कारण गाडीतल्या जागा दोनच आहेत, हे होतं. मला कामिनीला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. सांगायचं एवढंच होतं की बाई, तिकडे नाही जमलं तर उगाच सोसत बसू नकोस, सरळ निघून ये, तुझी खोली तशीच आहे, तुला कोणी का म्हणून विचारणार नाही. भरत मुलगा चांगला आहे, माझी काही तक्रार नाही. पण बापाने हे एकदा तोंडाने बोललेलं असावं असं मला वाटत होतं. लग्नघरात हे बोलायची सोय नसते. हळकुंड फुटायच्या आधी मोडायची भाषा काढली म्हणून बायकांनी मला घराबाहेर काढलं असतं. माझ्या घरात एकांत असा मुळी नाहीच. स्वयंपाकघरात आत्या, गच्चीवर पापड, आणि बाकी सगळीकडे शेजारचे हेमकांतभाऊ. त्या गाडीत मात्र तिसऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती. तासाभराचा रस्ता, मी आणि माझी मुलगी.

तर गाडी चालू करणं भाग होतं. बॅटरी नवी घातली, टायर बदलले, आणि तेलापाशी येऊन अडकलो.

इथे थोडं शास्त्र सांगतो. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वरखाली होतो. या इंजिनात दट्ट्याच नाही. लांबट गोल डब्यात एक भलामोठा समोसा ठेवा आणि डबा बंद करून तो समोसा आतल्या आत गरागरा फिरवा. झालं हे इंजिन. समोशाची तिन्ही टोकं डब्याच्या भिंतीला घासत जातात, म्हणून त्यांना सतत तेल लागतं, आणि ते तेल पेट्रोलबरोबर जळून जातं. म्हणजे ही गाडी तेल पिते. बिघडली म्हणून पीत नाही, तिचा धर्मच तो. आता जे तेल जळायचंच आहे ते कसं असावं? राख न ठेवता जळेल असं साधं खनिज तेल, की कारखान्यात बनवलेलं महागडं कृत्रिम तेल? मी इंटरनेटवर शोधलं तेव्हा कळलं की यावर जगात दोन पंथ आहेत आणि ते एकमेकांचं पाणी पीत नाहीत. ऑस्ट्रेलियातला एक गृहस्थ म्हणतो, कृत्रिम तेल घालणारा खुनी आहे. अमेरिकेतला दुसरा म्हणतो, खनिज तेल घालणाऱ्याला गाडी ठेवायचा अधिकार नाही. दोघांच्याही गाड्या उत्तम चालतात. मी दोघांचं सगळं वाचलं. चर्चा वाचत गेलं की तिच्या शेवटी उत्तर असेल असं वाटतं, तसं मला रोज वाटायचं.

हेमकांतभाऊंना मी विचारलं नव्हतं. त्यांना विचारावं लागत नाही. ते पाटबंधारे खात्यात पंप चालवून निवृत्त झाले आहेत आणि माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर हात ठेवून उभे राहतात.

"सर, तेल म्हंजे तेल," ते म्हणाले. "मी बठ्ठी नोकरी पंप चालाडा. जे भेटनं ते टाकं. पंप आजून चालू शे."

"हेमकांतभाऊ, तो पंप आहे. हे फिरतं इंजिन आहे."

"मंग पंप काय बठेल ऱ्हास का?"

पंपही बसलेला नसतो, तोही फिरतोच, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पदार्थविज्ञानाच्या माणसाला भिंतीपलीकडून असं बोलणं ऐकून घ्यावं लागतं आणि वर चहाही पाजावा लागतो.

लग्नासाठी कोरीटहून माझ्या बायकोच्या, रंजनाच्या, आत्या तापीबाई महिनाभर आधीच येऊन राहिल्या होत्या. त्यांचा सल्ला ठरलेला होता. "एरंडेल टाक. मानूस असो का मोटार, एरंडेल दिधं म्हंजे पोट साफ व्हई जास." मी हसलो. मग सहज म्हणून इंटरनेटवर पाहिलं, तर पूर्वीच्या शर्यतीच्या गाड्यांत खरोखरच एरंडेल घालत असत असं निघालं. मी ते आत्यांना सांगितलं नाही. माझी घरात काही प्रतिष्ठा उरली असेल तर ती अशा गोष्टी न सांगण्यामुळेच.

गाडी रस्त्यावर काढायची म्हणजे विमा हवा. विम्याचा एजंट लॅपटॉप घेऊन आला आणि त्याने विचारलं, "सिलेंडर किती?" मी म्हटलं, एकही नाही. तो म्हणाला, शून्य टाकता येत नाही, सिस्टीम घेत नाही. मी त्याला समोशाचं उदाहरण देऊन इंजिन समजावलं. त्याने अतिशय आदराने ऐकलं, कारण तो माझा विद्यार्थी होता, आणि पुन्हा विचारलं, "ते बरोबर आहे सर, पण सिलेंडर किती?" अर्ध्या तासाने त्याने दोन लिहिले, कारण सीट दोन आहेत. असा विद्यार्थी मी घडवला.

आता मेकॅनिक. नंदुरबारातल्या गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि नमस्कार करून बंद केलं. शेवटी विसरवाडीला हायवेवर ट्रकची कामं करणारा दिलवरसिंग तयार झाला. मूळचा वर सातपुड्यातला, मोलगीकडचा, अंगाने दणकट आणि स्वभावाने कशालाही न भिणारा. त्याने बॉनेटमध्ये बराच वेळ डोकं घातलं.

"सर, इंजिन कोठे शे?"

मी बोट दाखवलं.

"हाई? हाई ते काहीच नही." मग माझी दया येऊन तो म्हणाला, "ट्रकनं तेल टाका. जाड शे. वीस टनना ट्रक वढी लेस, हाई खेळणं काब्र वढाव नही?"

मी त्याला दोन्ही पंथांचा इतिहास सांगितला. त्याने तंबाखू मळून संपवली आणि म्हणाला, तुमचं तेल ठरेपर्यंत जुनं तेल तरी काढतो. काढलं. काळं, दाट, काकवीसारखं. तेल काढायच्या भोकाचा बोल्ट त्याने नीट पुसून खिशात ठेवला आणि उद्या येतो म्हणून गेला.

तो उद्या आलाच नाही. होळी आली. होळीला डोंगरातला माणूस खाली कुठे कामाला राहत नाही. सुरतेच्या साइटवर असला तरी तो घरी जातो. दिलवरसिंग गॅरेज बंद करून काठी गावच्या होळीला गेला, आणि माझ्या हिशेबाने माझा बोल्टही त्याच्याबरोबर गेला. चार दिवस फोन लागेना. मग मी मोटारसायकल काढून मोलगीचा घाट चढून गेलो. तिथे ढोल वाजत होते, अंगावर राखेचे पट्टे ओढलेले, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरं नि दुधीभोपळे बांधलेले नवसाचे नाचे रस्त्याने चालले होते. त्यांच्यात माझा मेकॅनिक कसा ओळखावा? त्यानेच मला ओळखलं. "सर! होळीले उनात!" त्याला इतका आनंद झाला की बोल्टचं नाव काढायची मला लाज वाटली. तरी काढलं.

"बोल्ट मन्हा शर्टना खिसामा शे," तो म्हणाला. "शर्ट विसरवाडीले घर शे. नि घरले टाळा लायेल शे. नवस फिटू द्या सर, आते मी लोखंडले हात नही लावस."

त्याच्या बायकोने, फुलीबाईने, मला बळेच जेवायला बसवलं. अंगाला दुसऱ्याची राख नि पोटात कोंबडीचा रस्सा घेऊन मी रिकाम्या हाताने परत आलो. घरी रंजनाने विचारलं, "बोल्ट?" मी म्हटलं, "नवस फिटल्यावर." ती कॅलेंडरापाशी जाऊन लग्नापर्यंतचे दिवस मोजायला लागली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली की ती बोलली नाही तरी मला ऐकू येतं.

तोवर मी तेल ठरवलं होतं. खनिज, वीस-पन्नास या दाटपणाच्या अंकाचं. ते नंदुरबारात मिळत नव्हतं. ऑनलाइन मागवलं तर कुरिअरवाल्याने ज्वलनशील म्हणून परत पाठवलं. सुरतला मिळत होतं. सुरतला आपलं कोण? म्हणून मी भरतला फोन केला. पोरगा गुणी, लग्नाच्या याद्या करायला त्याच्याकडची माणसं आली तेव्हा त्याने दोन डबे गाडीत घालून पाठवले. डबे सगळ्यांसमोर उतरले. संध्याकाळपर्यंत गावात झालं की सरांनी व्याह्यांकडून तेल मागितलं. मुलीच्या बापाने मुलाकडून मागणी केल्याचं आमच्या समाजातलं हे पहिलंच उदाहरण असावं. हुंडा द्यायचा नाही या माझ्या तत्त्वाला ते धरून होतं, पण इतकं लांबून दिसायला नको होतं.

या सगळ्या दिवसांत संध्याकाळ झाली की कामिनी चहाचा कप घेऊन पोर्चमध्ये यायची आणि गाडीत डाव्या बाजूच्या सीटवर येऊन बसायची. मी बॉनेटपाशी. ती म्हणायची, "पप्पा, एक विचारायचं होतं." मी म्हणायचो, "विचार की. आधी एवढा टॉर्च धर." ती टॉर्च धरायची. मी तिला त्या दिवशी ऑस्ट्रेलियावाल्याने अमेरिकावाल्याला काय उत्तर दिलं ते सांगायचो. ती ऐकायची. चहा गार व्हायचा. मग आतून कोणीतरी तिला मेंदीवाली आली, ब्लाउज आलं म्हणून हाक मारायचं आणि ती टॉर्च माझ्या हातात देऊन जायची. रोज तेच. मला वाटायचं, पोरीला यंत्राची गोडी आहे, माझ्यावर गेली आहे.

धर्मेंद्रचाही एकदा कॅनडाहून फोन आला. "जिजाजी, तेलाचं एवढं काही नाही. कुठलंही बरं घाला. पण एक लक्षात ठेवा, ही गाडी थंड असताना—"

मी म्हटलं, "थंड-गरम राहू दे, तू तिकडे खनिज घालायचास की कृत्रिम?"

तो म्हणाला, जे स्वस्त असेल ते. अशा माणसाशी पुढे काय बोलायचं? मी फोन ठेवला.

नवस फिटला, बोल्ट आला, तेल पडलं. लग्नाच्या दोन दिवस आधी किल्ली फिरवली आणि गाडी मधमाश्यांचं पोळं उठावं तशी गुणगुणली. मी कॉलनीला फेरी मारली, गावाबाहेर मिरच्या वाळत घालतात त्या पथारीपर्यंत जाऊन आलो. हेमकांतभाऊंनी भिंतीवरून हात उचलून सलाम केला. दिलवरसिंग म्हणाला, "सर, तेल बराबर बठनं." आयुष्यात मी इतका सुखी क्वचितच झालो असेन. त्या रात्री मी मनाशी वाक्यं जुळवली. कोरीटचा फाटा मागे पडेपर्यंत इकडचं तिकडचं बोलायचं, मग हळूच विषय काढायचा.

लग्न लागलं. पाठवणी घरूनच व्हावी असा आत्यांचा हट्ट, म्हणून सगळी मंडळी कार्यालयातून घरी आली. गाडी सकाळपासून पोर्चमध्ये हार घालून उभी होती. भरतने समजुतीने वेगळ्या गाडीतून यायचं कबूल केलं होतं. शालू सावरत कामिनी खाली सरकून माझ्या शेजारी बसली. मी किल्ली फिरवली. गुणगुण सुरू झाली. पुढच्या चाकाखाली नारळ ठेवला होता; गाडी बुटकी म्हणून लहानसा शोधून आणला होता. कड्‌कन फुटला. गाडी दोन-तीन हात पुढे आली, आणि समोर तापीबाई दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"थांब! बंद कर! चालू गाडीमातून माहेर सोडतस का? गाडी बंद, पोरगी माघारी तांदूळ टाकी, मायले भेटी, मंगच निंघानं!"

आमच्या घराण्यात तसंच आहे. मला माहीत होतं. मी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

कामिनी उतरली. तिने पाठमोरी होऊन ओंजळीने तांदूळ मागे उधळले. रंजनाच्या गळ्यात पडली. बायका रडल्या, हेमकांतभाऊ रडले, दिलवरसिंग नवा शर्ट घालून आला होता तो बाहीने डोळे पुसायला लागला. मीही रडलो, पण स्टिअरिंग धरून. मग ती येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "चला पप्पा. आता आपण दोघंच."

मी किल्ली फिरवली. खर्रर्र. पुन्हा फिरवली. खर्रर्र. पेट्रोलचा भपकारा आला. तिसऱ्या वेळेला मला ऑस्ट्रेलियावाल्याच्या पानावरची लाल अक्षरं आठवली. ती अक्षरं प्रत्येक पानावर वरच्या बाजूला होती आणि मी रोज ती ओलांडून खाली तेलाच्या चर्चेकडे जात होतो. हे इंजिन थंड असताना चालू करून लगेच कधीही बंद करू नका. आत पेट्रोल साचतं, ते भिंतींवरचं तेल धुऊन टाकतं, आणि मग ते चालू होत नाही. दोन्ही पंथांचं या एकाच गोष्टीवर एकमत होतं. धर्मेंद्रचं वाक्यही मग आपोआप पूर्ण झालं. मी होळी पालथी घालून, व्याह्यांपुढे हात पसरून जे तेल मिळवलं होतं, ते नारळ फुटण्याच्या वेळात धुतलं गेलं होतं.

"मी म्हने ना, तेल पातळ शे!" हेमकांतभाऊ ओरडले.

"पातळ नही, जाड शे!" दिलवरसिंग म्हणाला. तेल बराबर बसल्याचं दोन दिवसांपूर्वी त्यानेच सांगितलं होतं.

"एरंडेल," आत्या म्हणाल्या.

मग कोणीतरी "धक्का मारा!" म्हटलं. आमच्याकडे नवरीच्या गाडीला भावांनी धक्का द्यायची रीतच आहे, दोन पावलांपुरती. बँडवाल्यांना वाटलं, रीत चालू झाली. त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली. भाऊ, मामेभाऊ, वऱ्हाडी, दिलवरसिंग, सगळे मिळून गाडी ढकलायला लागले आणि आम्ही बाप-लेक हार घातलेल्या गाडीत बसून बँडच्या तालावर कॉलनीतून निघालो. गच्च्यांवरून लोक फोनवर शूटिंग करत होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या वर्गात मागच्या बाकावरूनही कोणी कधी हसलं नव्हतं.

कामिनी मात्र हसत होती. डोळ्यांत पाणी आणि हसत होती. "पप्पा," ती म्हणाली, "विसरवाडी आली का?"

मला वाटलं, हीच वेळ. बँडच्या आवाजात बाहेर काही ऐकू जाणार नाही. मी तिच्याकडे वळलो. म्हटलं, "बेटा, ऐक—"

आणि माझ्या खिडकीत हेमकांतभाऊंचं घामाघूम तोंड आलं. "सर! सेकंडमा टाका! क्लच सोडा!"

मी सेकंडमध्ये टाकून क्लच सोडला. गाडी एक आचका देऊन थांबली. कॉलनीचा कोपरा आला होता. तिथे भरतची गाडी उभी होती, आणि दिवस मावळायच्या आत सुरतचा उंबरा ओलांडायचा होता. त्याची माणसं घाई करत होती, आणि त्यांचं चुकत नव्हतं. कामिनी उतरली, त्या गाडीत बसली. काच खाली करून तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तेलाचं मनाला लावून घेऊ नका हं पप्पा." मग गाडी गेली.

लोक मला समजावत होते की मुलगी सासरी जायचीच. मला काय वाटत होतं ते त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मला फार वाईट वाटत होतं, आणि ते आजतागायत कमी झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजनाने चहा आणून दिला आणि माझ्याजवळ बसली. घरात तांदूळ सांडलेले होते. ती म्हणाली, "ती रोज संध्याकाळी तुमच्याजवळ येऊन बसायची, ते का माहीत आहे? भीती वाटत होती तिला. मला म्हणाली, मम्मी, तिकडे नाहीच जमलं तर पप्पा परत येऊ देतील का? मी म्हटलं, त्यांनाच विचार. तुम्ही काय सांगितलंत मग?"

मी चहा पीत राहिलो. रोज टॉर्च धरायला दिला, हे काय सांगायचं? हेमकांतभाऊ भिंतीशी नव्हते म्हणून बरं, नाहीतर त्यांनी मला त्यावरही सल्ला दिला असता.

मी पोर्चमध्ये गेलो. मंडळींनी गाडी ढकलत आणून जागेवर लावली होती. उगाच आत बसलो. डाव्या सीटवर अक्षता आणि हाराची दोन-चार फुलं पडली होती. उगाच किल्ली फिरवली. गाडी एका फटक्यात चालू झाली. रात्रभरात साचलेलं पेट्रोल वाळून गेलं होतं, एवढंच. मधमाश्या गुणगुणायला लागल्या. मी बंद करणार होतो, पण थंड होती. थंड असताना बंद करायची नाही, हे आता मला पाठ होतं. म्हणून मी तशीच बाहेर काढली.

रस्ता अगदी मोकळा होता. कोरीटचा फाटा गेला. जुळवलेली वाक्यं एकेक आठवत होती आणि डाव्या सीटवरच्या अक्षता हलत होत्या. तास लागला. विसरवाडीच्या फाट्यावर ट्रक, एसटी, चहाच्या टपऱ्या, सगळं होतं तसं होतं. मी कडेला उभा राहिलो, गाडी चालूच ठेवली आणि कामिनीला फोन लावला.

"पप्पा! कुठे आहात?"

"विसरवाडीला."

"एकटेच?" तिने विचारलं. मागे सत्यनारायणाची कथा चालली होती.

"कामिनी, तुला एक सांगायचं होतं."

"हो पप्पा, सांगा ना... आले, आले! पप्पा, आरतीला बोलावताहेत, एवढा फोन धरा हं, ठेवू नका, मी आलेच."

मी फोन धरला. तिकडे टाळ्या, घंटा, आरती. आणि काय झालं कोण जाणे, घरात प्रमाण मराठीच बोलायचं असा नियम केलेला मी माणूस, त्या धरलेल्या फोनमध्ये आमच्या बोलीत बोलायला लागलो. "बेटा, तुन्ही खोली तशीच शे. तुले तठे नही जमनं, ते कोनले विचारू नको, सरळ निंघी ये. मी तुले कसाले उनी म्हनीसन कधीच विचाराव नही. तू मन्ही आंडेर शे, मन्ही पोरगी." तिकडे कोणी ऐकत नव्हतं. चहावाला मात्र गाळणी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला होता.

आरती संपली. तिचा धापा टाकत आवाज आला. "हं पप्पा, बोला. काय सांगायचं होतं?"

मी बोलायला तोंड उघडलं. तिच्यामागे बायका हसत होत्या, कोणीतरी तिला तीर्थ देत होतं, आणि ती खुशीत होती असं मला वाटलं.

"काही नाही गं," मी म्हणालो. "तेल बरोबर निघालं. एवढंच."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. पलीकडून तिला पुन्हा कोणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. गाडी अजून चालूच होती. ती आपली तिच्या धर्माप्रमाणे तेल पीत उभी होती.